समिधा सिस्टरनी न घेतलेली लस

बोईसरच्या त्या खाजगी हॉस्पिटलात समिधा सिस्टरचा तोरा असा, की मालक डॉक्टर शैलेशसुद्धा तिच्याशी बेतानेच बोलत. बाई चिंचणीकडच्या वाडीवाल्या घरातली. ताजं म्हावरं खाऊन वाढलेल्या अंगाला सर्दी-ताप शिवत नाही, हे ती येईल त्याला ऐकवायची. आजारपणाची रजा तिने कधी घेतली नव्हती आणि दुसऱ्यांनाही सुखाने घेऊ द्यायची नाही. एखादी पोरगी तापाने फणफणत आली, की "आमच्या वेळी नव्हते हो असले चोचले," म्हणून तिला सरळ वॉर्डात धाडायची. वाहतं नाक घेऊन पेशंटच्या उशाशी उभं राहणं याला तिथे निष्ठा म्हणत. डोंबलाची निष्ठा!

डायलिसिसची खोली तिच्या ताब्यात. तिथे वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरून सुका यायचा. भातशेती करणारा, चाळिशीचा माणूस. किडन्या निकामी झाल्या तशी बायको जिवली त्याला धरधरून आणायची. त्याच्या हाताची शीर भलती अवघड, पण समिधाला ती पहिल्या झटक्यात सापडे, म्हणून तो तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नसे. बाईंना याचं कोण अप्रूप!

दर वर्षी पावसाळ्याआधी स्टाफसाठी फ्लूची लस येई. डायलिसिसवरच्या माणसाला साधा फ्लूही झेपत नाही, आणि तो त्याच्यापर्यंत पोचायचा तर बहुतेक करून उपचार करणाऱ्याच्याच अंगावरून. एवढं कळायला काही मोठी अक्कल लागत नाही. पण लस फ्रीजमध्ये पडून राही. वॉर्डबॉय हितेश म्हणे, लसीनेच ताप येतो. बाकीचे म्हणत, बघू पुढच्या आठवड्यात. आणि समिधा? आयुष्यभर लोकांना टोचत आलेली ही बाई स्वतः सुईला घाबरायची! हे मात्र तिने कुणाला कळू दिलं नव्हतं.

डॉक्टर शैलेशना लसीपेक्षा फोटोची घाई. म्हणून तिथे एक रीतच पडली होती. खुर्चीत बसायचं, बाही वर करायची, ज्युनिअर सिस्टर तेजलने सुई टोपीसकट दंडाला टेकवायची, आणि हसायचं. फोटो ग्रुपवर गेला की अंगठ्यांचा पाऊस, आणि डॉक्टरही लस टोचून झाली असंच समजत. उजेड बरा म्हणून त्या वर्षी हा तमाशा डायलिसिसच्या खोलीतच झाला. मशीनला जोडलेला सुका पडल्या पडल्या सगळं बघत होता.

त्याच दिवशी पेशंटनाही लस द्यायची होती. सुकाने मान हलवली, नको म्हणाला. समिधाचा पारा चढला. अडाणी कुठले, मरणाच्या दारात उभे आणि सुईला नखरे, जा आता भगताला विचारून ये, असं सगळ्या खोलीसमोर तिने त्याला झापलं. तो कसनुसा हसला, पण बधला नाही. स्वतःच्या दंडाला सुई लागली नाही याची त्या बाईला तेव्हा आठवणसुद्धा झाली नाही.

आषाढात तिच्या अंगात ताप भरला. तिने गोळी घेतली आणि ड्युटीवर आली. गुदमरतं म्हणून मास्क हनुवटीखाली. सुकाच्या हातावर वाकून, खोकत खोकत, तिने नेहमीसारखी पहिल्या झटक्यात शीर धरली. सिस्टर तापातही आल्या, म्हणून दोघा-तिघांनी कौतुक केलं.

काही दिवसांत सुका ऑक्सिजनवर गेला. तपासणीत फ्लू निघाला. स्टाफचीही तपासणी झाली, तर समिधालाही तोच. डॉक्टर चकित. सिस्टर, तुम्ही तर लस घेतली होती ना, असं त्यांनी विचारलं. लस घेऊनही होतो कधी कधी, असं ती शांतपणे म्हणाली. झालं! हितेशला आयतं कोलीत मिळालं. लस म्हणजे निव्वळ थोतांड, हे तो जिन्याजिन्यावर सांगत सुटला. कुणाकडून कुणाला गेलं हे कोण सांगणार, असं म्हणायला सगळे मोकळे होते. सुका मात्र वाचला नाही.

बारावं उरकून जिवली आली. सुकाची चादर, डबा राहिला होता तो न्यायला. कडेवर धाकटी लेक चिमी. समिधाने तिला बसवलं, पाणी दिलं. दुःख झालेलं तिला, नाही असं नाही. पण तोंडाची सवय जाते कुठे? त्याने वेळेवर लस घेतली असती तर बरं झालं असतं, असं ती बोलून गेली.

जिवली पाणी प्यायली, तिने पेला खाली ठेवला.

"त्यानं तुमाला बघलं होतं सिस्टर. सुईची टोपी काडलीच नाय. घरी येऊन बोलला, सिस्टर शिकलेली बाय हाय, तिला कायतरी म्हाईत असल, मनून ती घेत नाय. आपन पन नको."

ज्याला समिधा अडाणी म्हणाली, तो तिच्यावर विश्वास ठेवून मेला होता.

जिवलीच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर समिधाने जोरात काहीतरी ऐकवलं असतं आणि सुटली असती. जिवलीने चिमीला पुढे घेतलं.

"उद्या अंगनवाडीत हिला टोचायला बोलवलंय. खरं सांगा, काय वाईट हाय त्या सुईत? नेऊ का नको?"

"ने. काही वाईट नसतं त्यात."

"मंग तुमी का नाय घेतली?"

तेजल दारातच थबकली. पलीकडच्या खाटांवरचे पेशंट इकडे बघायला लागले.

"मला भीती वाटते सुईची," समिधा म्हणाली.

जिवली तिच्याकडे बघतच राहिली. हे कारण खरं असेल असं तिला वाटलं नाही, ते तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. तिने चादर आणि डबा पिशवीत भरला, चिमीला कडेवर घेतलं आणि निघून गेली.