पियतिलकची शांतता

खाडीवरचा पूल ओलांडून गेलं की केवड्याच्या बनाआड तो बंगला आहे. समोर समुद्र, आणि बाकी तिन्ही बाजूंना कुणी नाही. थंड देशांतली माणसं तिथे आठवडा आठवडा येऊन राहतात. कशासाठी, तर कानावर काही पडू नये म्हणून. एवढ्या लांब विमानाने येऊन काहीही न ऐकण्याची हौस मला कधी कळली नाही, पण त्यांच्यावर माझा राग नाही. माझा राग पियतिलकवर.

पियतिलक त्या बंगल्याचा राखणदार, आचारी, माळी, सगळंच. त्याआधी तो आमच्यातलाच होता. किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा दोर धरायचा, आणि दोर ओढताना म्हणायच्या गाण्याची सुरुवात त्याची. गळा असा की वाळूत झोपलेली कुत्री उठून पळायची. बंगल्यावर लागला आणि त्याच गळ्यातून कुजबुज निघायला लागली. कोलंबोच्या मालकिणीने, नोनाने, त्याला बजावलं होतं की पाहुण्यांनी आवाजाची तक्रार केली की तू घरी.

आता पाण्यावरून आवाज लांब जातो. नोनाची शांतता राखायची म्हणजे गावाचं तोंड दाबायचं, आणि हा गडी ते करायला निघाला. कुणाच्या लग्नातले ढोल लवकर बंद करायला लावले, कुणाला कोंबडा विकायला सांगितला. मी तीनचाकीतून पाव विकतो. गाडीवरच्या कर्ण्याची धून ऐकली की बायका फाटकात येतात. धून नाही तर पाव तसाच परत घरी. हा पुलापाशी आडवा उभा राहून मला म्हणाला, इथून वळणापर्यंत बंद ठेवत जा, मल्ली. लहान भाऊ म्हणून हाक मारायची आणि पोटावर पाय द्यायचा. मीही त्याला अय्या, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचो. बंद ठेवली. नोनाची ओळख पोलिसठाण्यापर्यंत होती.

हेही गावाने पोटात घातलं असतं. पण आमच्याकडे मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. शवपेटी पुढच्या खोलीत असते तोवर अंगणात गाव बसलेलं असतं. त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून भात शेजारी आणतात. पत्ते कुटतात, भांडतात, हसतातसुद्धा, आणि पहाटे कर्ण्यावरून भिक्खूंचं पठण होतं. त्यासाठी गावात मरणसमिती आहे. वर्गणी देणं हा तिचा लहान भाग. खरं काम येऊन बसण्याचं. जो बसत नाही त्याच्याकडे कुणी बसत नाही. हे कधी कुणी लिहून ठेवलेलं नाही, तशी गरजही पडली नाही.

पियतिलकला वाटायचं, वर्गणी वेळेवर दिली, वर बंगल्यातली फुलं पाठवली, की झालं. स्वतः यायची वेळ आली की पाहुणे आहेत. बरीच वर्षं दोघांच्या वाटचं बसणं त्याची बायको असिलिन एकटी बसायची. मग तिचे गुडघे गेले आणि त्या घरातून कुणीच येईना.

गुणेरिस मुदलालीचा बाप गेला तेव्हाची गोष्ट. गुणेरिस म्हणजे आमचा किराणा दुकानदार, समितीचा प्रमुख. पहाटे पठण चालू असताना पियतिलक अंगणात आला. आम्ही म्हटलं, आला एकदाचा. पण तो पेटीकडे गेलाच नाही. गुणेरिसला बाजूला घेऊन म्हणाला, कर्णा जरा शेताकडे वळवता येईल का, पाहुण्यांची झोप मोडते. गुणेरिसने स्वतः शिडी लावली, पांढऱ्या कपड्यांत वर चढला आणि कर्णा वळवला. मला तेव्हाच कळलं की याची फेड होणार.

पुढच्या हंगामात असिलिन गेली. पियतिलक पाहुण्यांसाठी पपई कापत होता. दुपारी घरी आला तर ती मोरीच्या दाराशी पडलेली. असिलिनबद्दल माझं काही वाईट म्हणणं नाही. बाई चांगली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं, तिच्या माहेरचंही कुणी उरलं नव्हतं. म्हणजे जे काय होतं ते गावच.

समितीने कशात कसूर केली नाही. मांडव, खुर्च्या, दुखवट्याचे पांढरे झेंडे, मोठी किटली, सगळं लगोलग पोचलं. पोचवणारे ते ठेवून परत आले. आता बसायला कधी जायचं, असं कुणीतरी दुकानात विचारलं. गुणेरिस तराजू पुसत होता. "त्याला शांतता आवडते," तो म्हणाला. "देऊ या की."

एवढंच. सभा नाही, ठराव नाही. कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या रस्त्याने निघालो. धून बंदच होती. पियतिलक फाटकात उभा होता, पांढऱ्या सारोंगमध्ये, दाढी वाढलेली. त्याच्यामागे मांडवात खुर्च्या रांगेत मांडलेल्या, त्यांवर रात्रीचं दव तसंच. त्याने हात केला म्हणून थांबलो.

"मल्ली, लोक कधी येतायत?"

"कुठले लोक, अय्या?"

तो फाटकाबाहेर गाडीपाशी आला. मग म्हणाला, "मी माफी मागतो. गुणेरिसच्या पाया पडतो. तू सांग त्याला. असिलिन सगळ्यांकडे बसली आहे, तिचं तरी बघा."

मी म्हटलं सांगतो. मी निघणार तोच त्याने गाडीचा दांडा धरला. "निदान तुझी धून वाजव. फाटकात थोडा वेळ थांब आणि वाजव. घरात फार कसंतरी होतंय."

"पाहुणे झोपलेत ना, अय्या," मी म्हणालो, आणि गाडी पुढे काढली.

गुणेरिसला मी निरोप सांगितला नाही, असं कुणी समजू नये. सांगितला. तो म्हणाला, साखर हवी आहे का आणखी काही?

पुरायच्या दिवशी मी गेलो नाही. वळणावर गाडीपाशी उभा होतो, त्याला जाणं म्हणत नाहीत. नाश्ता कुणी आणला नाही म्हणून बंगल्यातलं जोडपं शोधत शोधत त्याच्या घरी आलेलं होतं. बाई फुलाफुलांच्या झग्यात, तो अर्ध्या चड्डीत. बिचारे खुर्च्यांत बसले, पहिल्या रांगेत, हात मांडीवर ठेवून. सगळ्या मांडवात तेवढे दोघे.

मग पाणी ओतायची वेळ आली. भिक्खूंसमोर घरचे सगळे मिळून तांब्या धरतात. ज्यांचा हात पोचत नाही ते पुढच्याच्या खांद्याला हात लावतात, त्यांच्या खांद्याला मागचे. माझ्या आईच्या वेळी ही रांग रस्त्यावर आली होती. पेला भरून ताटात सांडेपर्यंत ओतायचं, म्हणजे पुण्य गेलेल्या माणसाला पोचतं. पियतिलकने तांब्या एकट्याने धरला. भिक्खू पठण थांबवून फाटकाकडे बघत राहिले, कुणी येतंय का म्हणून. तेवढ्यात त्या बाईने फोन वर करून खुणेनेच विचारलं, फोटो काढला तर चालेल का. आणि पियतिलकने मान डोलावली, आणि फोटोत पेटी नीट यावी म्हणून पाणी ओतता ओतता थोडा बाजूला सरकला. इतक्या वर्षांची सवय.

पेटीला खांदा दिला त्या पाहुण्याने, पेटीवाल्याच्या दोन माणसांनी आणि पियतिलकने स्वतः. संध्याकाळी नोनाचा फोन आला, झेंडे काढून टाक, नवे लोक येतायत, त्यांना कसंतरी वाटेल. त्याने झेंडे काढले नाहीत. किल्ल्या पुलाच्या कठड्यावर ठेवल्या आणि बंगला सोडला. आता तिथे कुठलासा परगावचा पोरगा आहे, आणि तो मोठ्याने रेडिओ लावतो, नोनाला पत्ता नाही.

काही महिन्यांनी गुणेरिसची आई गेली. आम्ही पोचायच्या आधीच पियतिलक तिथे हजर. लाकडं त्याने फोडली, मांडव त्याने बांधला, अंगणाबाहेर चूल मांडून चहा त्याने उकळला, आलं घालून, काळा. त्याला कुणी काही सांगितलं नाही आणि कुणी हाकललंही नाही. ताटात पेले मांडून तो पहिल्या रांगेपासून सुरू झाला. प्रत्येकापुढे वाकायचा. पहिल्याने मान हलवली, दुसऱ्याने हात आडवा केला, तिसरा पत्त्यांत बघत राहिला. तो पुढे सरकत राहिला, एकही पेला न उचललेलं ते ताट घेऊन, सगळ्या रांगा. गुणेरिस दारात उभा राहून बघत होता.

माझ्यापुढे आला तेव्हा चहा निवला होता. मला तहान लागली होती, दुपारपासून पाणीसुद्धा मिळालं नव्हतं.

"मल्ली, घे ना," तो म्हणाला.

"आत्ताच झाला, अय्या," मी म्हणालो.

तो शेजारच्या माणसापुढे वाकला.