गारव्याचा मांडव

आता कसं सांगू तुमाले, इतकी वर्सं झाली तरी कोनाच्या दारात हिरवा मांडव पाह्यला की माह्या कानाच्या पाळ्या गरम होतेत. घर थंड करायच्या नादात मानसाची किती फजिती व्हावी? चहा प्या, पन घोट तोंडात ठिवून आयकू नका, ठसका लागंन.

आमचं गाव गुडीहत्नूरच्या अलीकडं, सडकेपासून आत. समोरच्या खोलीत माहं किराना दुकान, मांगं आमी राहे. आमी म्हंजे मी, माय, माही बायको कमल अन् लहान बहीन वच्छी. अन् सगळ्यायच्या डोक्यावर टिना, म्हंजे छताचे पत्रे. टिनाच्या घरात वैशाखाची दुपार काढली काय तुमी कधी? नसंन, तं देवाचे आभार माना. दुकानातल्या मेनबत्त्या पेटवायच्या आधीच माना टाकत. गूळ पोत्यातून गिऱ्हाइकाकडं आपल्या पायानं चालत जाये.

त्या मांडवाच्या आधल्या सालची गोष्ट आधी सांगाच लागंन, नाहीतं पुढचं समजनार नाही. वच्छीले पाहाले एक पार्टी आली होती, भर दुपारी. पोरगी पसंत पडली, पोहे पसंत पडले, अन् बोलनी सुरू होनार तं पोराचा मामा बसल्या जागी आडवा झाला. टिनाच्या झळीनं चक्कर आली बिचाऱ्याले. आमी कांदा फोडून नाकाशी धरला, तोंडावर पानी मारलं, मामा उठला. पन सोयरीक मोडली ते मोडलीच. ज्या घरात पाव्हना पडला तिथली पोरगी नको, असा निरोप आला. तवापासून घरी कोनी आलं की वच्छी आधी टिनाकडं पाहे अन् मंग पाव्हन्याकडं. मले ते पाहवत नव्हतं.

म्हून पुढच्या साली बासरकडची पार्टी येनार असं कळलं, तवा म्या मनाशी गाठ मारली. काही होवो, पाव्हने आपल्या घरात थंड बसले पाह्यजेत. दुसऱ्यांदा कोनी पडलं असतं तं वच्छीच्या नावावर गावोगाव काट पडली असती.

पन थंड करायचं कशानं? आदिलाबादले एका सायबाच्या बंगल्यात म्या कूलर पाह्यला होता. त्याच्यापुढं उभा राह्यलो तं तिथून हालाव वाटे ना. पन कूलर घ्यायची आपली ऐपत नाही, अन् घेतला असता तरी दुपारी आमच्या गावात लाईट कुठं राह्यते? तवा म्या डोकं चालवलं. अन् माहं डोकं चाललं की घरच्यायच्या पोटात गोळा येते, हे कमल तुमाले सांगंन.

आधी टिनावर चुना मारला. पांढऱ्या रंगावरून ऊन परत जाते म्हनतेत. उरलेला चुना वाया कायले घालवायचा म्हून कमलनं समोरची भिंतही पांढरीफेक करून टाकली. मंग आमचे शेजारी किसनराव. त्यायच्या पोरीचं लगन नुकतंच उरकलं होतं अन् मांडव तसाच उभा होता. जांभळीचे डहाळे अजून हिरवेगार. म्या म्हन्लं, किसनराव, पोरगी सासरी गेली, आता हा मांडव काय चाटून खाता? द्या मले. ते बिचारे हसले अन् न्या म्हन्ले.

म्या बांबूसकट, डहाळ्यांसकट, आंब्याच्या तोरनासकट सारा मांडव उचलून आपल्या दारात उभा केला. तोरन काढाव वाटलं नाही. फुकटची सावली, तिच्यातलं एक पान कमी काऊन करा?

माय ओट्यावरून पाहून राह्यली होती. "दामू, दुसऱ्याच्या लगनाचा मांडव दारात आनत नसतेत. लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनतीन, दामूचं घर थंड हाय," म्या म्हन्लं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याले, दुसरं काय.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभलं असतं. पन नाही. घरोघर फिरून मोठमोठाले रांजन मांगून आनले, मांडवात रेतीवर मांडले, पान्यानं भरले. रांजन देतानी बाया एकमेकीकडं पाहून हसत. मले वाटलं, माह्या हुशारीवर खुश हायत. कमलनं आंगनात शेनाचा सडा टाकला, अन् सडा टाकला म्हून वर रांगोळी काढली. खिडक्यायले वले बारदाने लटकवले.

आता तुमीच सांगा. घराले चुना, दारात हिरवा मांडव, मांडवात रांजन, आंगनात सडा-रांगोळी, अन् घरात लगनाची पोरगी. आंधळ्यालेही दिसलं असतं. मले दिसलं नाही. माह्या डोक्यात फक्त गारवा.

पाव्हने येनार त्या दिवशी सकाळपासूनच लोक मांडवात येऊन बसाले लागले. मानसं धुतलेली धोतरं नेसून, डोक्याले रुमाल बांधून. म्या दुकानातून पाहे अन् छाती फुगे. काय गारवा केला आपन, सारं गाव निवाऱ्याले आलं! मी ज्याले त्याले इचारे, काय, गार वाटते ना? ते म्हनत, लय गार वाटते दामूभाऊ, पन हे असं अचानक कसं काय? म्या म्हने, अचानकच सुचलं. ते माना डोलावत.

बाया मांगच्या दारानं कमलकडं जाऊन राह्यल्या होत्या, पदराखाली काही ना काही झाकून; कमलले वाटलं, पाव्हन्यायच्या चहापान्याले मदत. वाजंत्रीवाले येऊन निंबाखाली बसले. मले वाटलं, कुठंतरी लगनाले चालले असतीन, सावली पाहून टेकले. म्या त्यायले पानी पाजलं. खुशाल वाजवा म्हन्लं असतं तं वाजवाले लागले असते.

दुपारी मी घागर घेऊन टिनावर चढलो, चुन्यावर पानी मारत होतो. अंगभर चुना, डोक्यावर वलं बारदान. तेवढ्यात खालून आवाज आला. पाह्यलं तं आमचे जावई, माह्या मोठ्या बहिनीचे मालक, निर्मलहून थेट. तोंड असं लाल की मिरचीनं लाजावं.

"साल्याच्या घरी लगन, अन् जावयाले लोकायच्या तोंडून कळाव?"

"कोनाचं लगन?" म्या वरून इचारलं.

"कोनाचं म्हंजे? वच्छीचं! सारं गाव बसलं हाय, वाजंत्री हायत, अन् तुमी मलेच इचारता?"

माह्या हातातली घागर सुटता सुटता राह्यली. म्या खाली मांडवाकडं पाह्यलं. वरून पहिल्यांदाच नीट पाह्यलं, अन् खरं सांगतो, मलेही ते लगनाचंच घर दिसलं. तशी नजर वर केली तं समोर, गावाच्या वळनावर, बैलबंडी उभी. बासरकडची पार्टी! पोराचे वडील बंडीत उभे राहून कपाळावर हात धरून इकडंच पाहून राह्यले होते. अन् पाहता पाहता त्यायनं बंडीवाल्याले काही म्हन्लं, अन् बंडी वळली. आली तशी मांगं.

का वळली, ते कोनी सांगाची गरज नव्हती. जिले पाहाले आलो तिचं आजच लगन, असं त्यायले वाटलं. दुसरं कोनालेही तेच वाटलं असतं.

म्या टिनावरून कसा उतरलो मले आठवत नाही. घागर हातात, बारदान डोक्यावर, सारं अंग पांढरं, अन् मी बंडीमांगं धावून राह्यलो, "थांबा, थांबा, जाऊ नका" म्हनत. आता मांडवातल्या लोकायनं काय समजावं? कोनीतरी म्हन्लं, नवरदेव पळाला. झालं! धोतरं सावरत सारं गाव माह्या मांगं. जावई रुसायचं इसरले अन् ते मांगं. वाजंत्रीवालेही उठले, अन् एकानं तं धावता धावता ढोलही वाजवला.

बंडीतल्यायनं वळून पाह्यलं असंन. पुढं चुन्यानं माखलेलं एक भूत घागर घेऊन, अन् त्याच्यामांगं ढोल वाजवत सारं गाव. तुमी थांबले असते काय? त्यायनंही बैल हानले.

पन बैलाले ना लगन समजते ना सोयरीक. उन्हानं तहानले होते. गावाबाहेरच्या हौदापाशी येऊन त्यायनं जे तोंड पान्यात घातलं, ते बंडीवाल्याच्या बापाच्यानंही निंघालं नसतं. मी पोचलो, बंडीचं चाक धरलं, अन् धापा टाकत म्हन्लं, "पाव्हने, लगन नाही. गारवा हाय."

पोराच्या वडलायनं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं. "कोन हो तुमी?"

काय सांगाव? पोरीचा भाऊ म्हनाची लाज वाटली. म्या काही बोलनार, तेवढ्यात मांगून लोकायले बाजूले सारत वच्छी आली. पोरीनं असं रस्त्यावर येनं आमच्यात चालत नाही, पन ते आली. आधल्या वर्साचा तो टिना तिच्या डोळ्यात होता, दुसरं काय म्हनू. तिनं दोनी हात बंडीपुढं धरले. कोपरापर्यंत शेन.

"मामाजी, माहं लगन असतं तं हातावर हळद असती. मी सकाळपासून मांगची खोली सारवून राह्यली, तुमाले बसाले थंड लागाव म्हून."

पोराचे वडील त्या हाताकडं पाहून राह्यले. पोरगाही पाहे, पन हाताकडं नाही. मंग वडील बंडीतून खाली उतरले. माह्या जिवात जीव आला.

अन् जीव आल्याबरोबर माह्या जिभेले पाय फुटले. मले त्या गर्दीचा असा राग आला की इचारू नका. चूक माही होती हे मले ठाव होतं, म्हून तं जास्त राग आला. म्या हौदाच्या काठावर चढलो अन् साऱ्या गावाले म्हन्लं, "लगन नाही, काही नाही. हा गारव्याचा मांडव हाय. जा घरी. अन् यापुढं माह्या मांडवात पाव्हने दिसो, वाजंत्री वाजो, नवरदेव येऊन उभा राहो, कोनी लगन समजू नका!"

लोक गेले. जावई तं दुपारच्या मोटारीनं निर्मललेच गेले, पानी न पिता. मायनं डोक्याले हात लावला.

पाव्हने मात्र मांडवात बसले. रांजनाचं पानी प्याले, पोराच्या वडलायनं खाटेवर जरा पाठ टेकली अन् घोरायलेच लागले. उठले तवा उन्हं उतरली होती. म्हन्ले, "अशी झोप मले माह्या घरी लागत नाही. पोरगी आमची झाली. मांडव उभाच हाय, मुहूर्त सरत आले, येत्या सोमवारी लावून टाकू."

माय रडली, कमल रडली. मी पन रडलो, लपवून काय ठेवायचं? वच्छी तेवढी मांडवाकडं पाहून हसत होती. ते आज बासरकडं सुखात हाय, लेकरायची लगनं पाहून राह्यली. तुमी जिवाले घोर लावू नका. घोर मलेच लागला, तो पुढच्या सोमवारी.

माय म्हने, दामू, अक्षता घेऊन घरोघर जा. जावयाले जाऊन हात जोड. मी म्हने, कायले? मांगच्या खेपेले बिनबोलावता सारं गाव आलं होतं, आता तं खरंच लगन हाय. बातमी आपोआप जाते. चप्पल झिजवून काय करा? जावयाले मोटारीवाल्याच्या हाती निरोप दिला, झालं. मायनं जावयासाठी आनलेला धोतरजोडा पेटीतून काढून मांडवात ठिवला.

सोमवार उगवला. मांडवावर नवे डहाळे टाकले. कमलनं गावजेवनाचा भात शिजवला. बासरकडची वऱ्हाडी मंडळी बंड्या भरून आली, नवरदेव मांडवात उभा राह्यला. अन् आमच्याकडून? मी, माय, कमल. बस. किसनरावाचं दार लावलेलं. वाजंत्रीवाल्यायनं निरोप देला, दामूभाऊच्या गारव्याले आमी येत नसतो. निर्मलहून तं कुत्रंही आलं नाही. अंतरपाट धराले आमच्याकडचा मानूस नाही म्हून दोनी टोकं नवरदेवाच्याच मानसायनं धरली. माय त्या धोतरजोड्याकडं पाहून डोळे पुसे. पोराचे वडील मले हळूच म्हन्ले, तुमच्या गावात काही वाईटवंगाळ झालं काय?

त्या दिवशी साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात माह्याइतकं थंड घर कोनाचंच नसंन. गर्दीच नव्हती ना!

म्या उठलो अन् अनवानी धावलो किसनरावाकडं. दार ठोठावलं. ते खाटेवर पडल्या पडल्याच खिडकीतून पाहाले लागले. म्या हात जोडले. "किसनराव, चला. लगन हाय. खरंच लगन हाय. नवरदेव येऊन उभा हाय मांडवात."

किसनरावायनं कूस बदलली.

"दामू, तूच म्हन्लं होतं ना, नवरदेव येऊन उभा राह्यला तरी समजू नका. ऊन चढलं तुले. जा, मांडवात बस जरा, डोकं थंड होईन."