दोन कागदांच्या मधली जागा

कुसुमताई चूक शोधायला बसल्या की आधी पुसायला लागायच्या. कुणीतरी बिघडलेलं वेबपान पाठवलेलं असे, चारशे ओळींचं. त्यातली एकेक ओळ काढायची, पान पुन्हा उघडायचं आणि चूक अजून आहे का ते बघायचं. असली तर ती ओळ सुटली. "काढल्यावर बी चूक ऱ्हाती, म्हंजी ते बिचारं निर्दोष. कशाला कोंडून ठेवायचं त्याला?" असं म्हणत त्या पुढच्या ओळीला हात घालायच्या. शेवटी चार-पाच ओळी उरत आणि चोर त्यांतच असे. मला हा उद्योग फार संथ वाटायचा. मी सरळ कोडमध्ये शिरायचे आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचे.

आमचं काम ब्राउझरच्या पोटातलं. पानावरचा मजकूर, चौकटी, तक्ते कुठे बसवायचे, कुणाला किती जागा द्यायची, हे ठरवणारं एक इंजिन ब्राउझरमध्ये असतं. ते दुरुस्त करणारी माणसं जगभर विखुरलेली आहेत. त्यांतल्या आम्ही दोघी भोरमध्ये एका भाड्याच्या खोलीत बसायचो. मी किकवीहून स्कूटीवर यायचे, ताई उत्रोलीहून. त्यांचं माहेर गुंजवण्याच्या बाजूचं. त्यांची वाडी धरणात गेली तशी माणसं पांगली. परदेशातल्या लोकांशी अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या ताई माझ्याशी मात्र वाडीचीच भाषा बोलायच्या. मी भलतीकडेच चूक शोधत बसले की म्हणायच्या, "खालच्या खाचरात पाणी फुटलं तर खेकड्याचं बीळ वरच्या बांधाला बघावं. वर बघ."

ती पांगलेली वाडी वर्षातून एकदा देवाच्या जत्रेला एकत्र येते. पालखीला कोणत्या घराने कुणामागून खांदा द्यायचा, हा मान ठरलेला. पूर्वी तो जाणत्यांना तोंडपाठ असे. जाणते कमी झाले, तेव्हा ताईंचा भाऊ बबन याने घरांची यादी वेबपानावर टाकली आणि छापून देवळात लावली. यादीला आकडे नव्हते; मानाला आकडा लावत नाहीत. पहिला कागद बबनच्या घरावर संपला. त्यानंतरचं घर त्याच्या चुलत्यांचं, तुळशीराम तात्यांचं. ते पहिल्या कागदावर नव्हतं आणि दुसऱ्यावरही नव्हतं.

तात्यांचा नि बबनचा बांधावरून जुना वाद होता. पुतण्याने डाव साधला, असंच तात्यांनी धरलं. बबनने मोबाईल पुढे केला, "हितं बगा की तात्या, हाय तुमचं नाव!"

"म्या काय मोबाईलात ऱ्हातो का?" तात्या म्हणाले आणि देवाला खांदा न देताच घरी गेले.

कुणीतरी पेनाने नाव लिहिलं. "हातानं लिवलेलं म्हंजी मागनं घातलेलं," तात्यांनी निरोप पाठवला. बबनने अक्षर बारीक करून यादी पुन्हा छापली, तेव्हा नाव उमटलं. तर तात्या म्हणाले, "आता घातलंस, म्हंजी तवा काढलंच व्हतंस!" ऐंशीच्या घरातला माणूस, त्याने पुतण्याशी बोलणं तोडलं, आणि वाडीनेही बबनला चोर ठरवून टाकलं.

चार महिन्यांनी हे ताईंच्या कानावर आलं. त्यांनी ते पान खोलीत आणलं आणि दोन दिवस ओळी पुसल्या. उरलं ते एवढंच: दोन ओळींत मोडणारं लांब नाव, कागदाच्या अगदी तळाला आलेलं. पहिला कागद म्हणायचा, हे इथे मावत नाही, पुढे पाठवतो. पुढचा म्हणायचा, हे मागेच झालं. हे कधीपासून होतंय म्हणून आम्ही इंजिनचे जुने बदल तपासत मागे गेलो. चूक ज्या बदलापासून सुरू झाली होती, त्याखाली ताईंचं नाव होतं. तपासून होकार देणारी मी.

मी म्हटलं, "ताई, तात्यांना मशीनची चूक म्हणून सांगू या. ते काही खोटं नाही."

"मशीनला सांगितलं कुणी? म्याच ना? बबन चोर ठरलाय, आन् म्या मशीनच्या आड बसू?"

त्या सल्ल्याची मला अजून लाज वाटते.

रविवारी आम्ही लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन गुंजवण्याला तात्यांकडे गेलो. ताईंनी तात्यांच्या जागी बबनचं लांबलचक पूर्ण नाव घातलं आणि छापलं. बबन गायब. मग स्वतःच्या वडिलांचं घातलं. तेही गेले. तात्यांनी चष्मा लावून कागद उलटसुलट पाहिले. "देवाचं घाल," म्हणाले. सगळ्या बिरुदांसकट देवाचं नाव घातलं. देवही गेला.

"म्हंजी जागाच वाईट हाय," तात्या हळूच म्हणाले.

"जागा चांगली व्हती, तात्या. म्या बिघडवली. बबनचा काय बी दोष न्हाई." ताईंनी त्यांचे पाय धरले. आम्ही निघताना तात्या एवढंच म्हणाले, "बबनला म्हनावं, येऊन जा."

ताईंनी दुरुस्ती लिहून पाठवली. ती मंजूर व्हायच्या आतच, तिसऱ्या आठवड्यात, हृदयविकाराच्या झटक्याने त्या गेल्या. पन्नाशीही झाली नव्हती. त्या खोलीत मला एकटीला बसवेना. मग परदेशातून उत्तर आलं: दुरुस्ती बरोबर आहे, सोबत चाचणीचं पान जोडा. अशी पानं कायमची राहतात. इंजिनमध्ये कुणी काहीही बदललं तरी आधी ती तपासली जातात. त्यांत खोटी नावं घालायचा रिवाज आहे. पण ताईंच्या पानातली नावं माझ्याने पुसवेनात, म्हणून मी तात्यांना विचारायला गेले. बबन तिथेच होता, त्यांच्या गुरांना वैरण घालत होता.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "किती दिस ऱ्हाणार ते पान?"

"इंजिन चालू आहे तोवर, तात्या."

"मग माझं नगं. त्या जागी कुसुमचं घाल."

त्या यादीत आजवर कधी बाईचं नाव आलेलं नव्हतं. बबन वैरण टाकायचा थांबला. "तात्या, त्यो तुमचा मान हाय."

"व्हय. म्हनूनच देतूया."

मी दुपारी खोलीवर परत आले. माहेरचं, सासरचं असं सगळं लिहिल्यावर ताईंचं नाव दोन ओळींत गेलं. ताईंची दुरुस्ती घातलेल्या ब्राउझरमधून पान छापलं. दुसऱ्या कागदावर, सगळ्यात वर, ताई होत्या.