पाम्पलेटाची कोरी बाजू

आमच्या घरातली पृथ्वी कितीतरी वर्षं प्लास्टिकच्या पिशवीत होती. पिशवी मीच घातलेली.

मुलगा पहिलीत गेला तेव्हा तुमसरच्या दुकानातून मी तो पृथ्वीचा गोल आणला. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून भांडणारी मी, त्या दिवशी भाव करायला तोंडसुद्धा उघडलं नाही. शिक्षणाच्या वस्तूचा भाव केला की विद्या रुसते, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. घरी आणून गोल टीव्हीवर ठेवला, खाली स्वतः विणलेला रुमाल घातला आणि वरून पिशवी चढवून रबर लावलं. मुलानं बोट पुढे केलं की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "महाग आहे तो. दुरून पाह्य." तो दुरून पाहत मोठा झाला. अमेरिका भिंतीकडे होती, त्यामुळे ती त्याला बरेच दिवस दिसलीच नाही.

एवढ्यावर त्या बाईचं समाधान झालं नाही. हो, तेव्हाच्या मला मी 'ती बाई'च म्हणते, कारण तिची नि माझी ओळख आता जरा दुरूनच ठेवलेली बरी. एकदा टाय लावलेला एक माणूस सायकलवरून गावात आला आणि जाड जाड पुस्तकांचा संच तिच्या गळ्यात मारून गेला. ती पुस्तकं काचेच्या कपाटात, पाहुण्यांच्या कपबश्यांच्या शेजारी, कुलपात. किल्ली तिच्या कमरेला. पाहुणे आले की ती म्हणायची, "आमच्या घरी पुस्तकं फार." खोटं नव्हतं. फार होती. उघडलेलं एकही नव्हतं.

आता सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावात त्याच घरात माझी नात शिकते आहे, शाळेत न जाता, आणि तिच्यासाठी बाजारातून आलेली वस्तू शोधावी लागेल. हे सगळं माझ्या सुनेचं. मी फक्त अधूनमधून बिघडवते.

नात सहा वर्षांची असताना इंग्रजी शाळेत जायची. सकाळी व्हॅन यायची, दुपारी परत आणून सोडायची, आणि पोर दप्तरासकट ओसरीवर झोपून जायची. कोणी विचारलं काय शिकलीस, तर मान हलवायची. घरभर बडबडणारी पोरगी वर्षभरात मुकी झाली. सून लग्नाआधी नागपूरला शाळेत शिकवायची. उन्हाळ्यात एक दिवस तिनं पोळी लाटता लाटता सांगून टाकलं, "जूनपासून मी हिला घरीच शिकवणार. पुढच्या परीक्षा बाहेरून देता येतात, मी चौकशी केली आहे."

मुलगा ताटावरून म्हणाला, "लोक काय म्हणतील? फी भरायची ऐपत नाही म्हणतील."

"म्हणू देत. तुम्ही काय म्हणता ते सांगा."

तो काय म्हणाला, तर दिवाळीपर्यंत शिकवून पाहा. भाऊबीजेला माझा भाऊ येतो, तो मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला. त्यानं पोरीची परीक्षा घ्यायची. तो म्हणाला जमतं, तर जमतं. तो म्हणाला नाही, तर दुसऱ्या दिवशी व्हॅनवाल्याला फोन. सून हो म्हणाली. पण तिची लाटलेली ती पोळी तव्यावर जळली, ते मी पाहिलं.

पहिल्याच दिवशी सुनेनं पृथ्वीची पिशवी काढली. मी रबर तेवढं उचलून मनगटात घातलं. नातीनं गोल गरगर फिरवला आणि पहिला प्रश्न मलाच केला, "आजी, पृथ्वी पिशवीत कायले ठेवली होती?"

"सर्दी होईल म्हणून," मी म्हटलं.

कपाटाचं कुलूपही उघडलं. पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली. सुनेनं ती चाकूनं हलकेच सोडवली, आणि ओसरीत खालच्या फळीवर मांडली, पोरीचा हात पोचेल तिथं. इतक्या वर्षांनी ती पुस्तकं पुस्तकं झाली.

मग फळा. मी म्हटलं फळा तरी विकत आण. सुनेनं चुलीतला कोळसा कुटून चाळला, त्यात भोपळ्याच्या पानांचा रस घातला आणि परसातल्या भिंतीवर पोतेऱ्यानं दोन हात दिले. ओल्या दिवसांत जरा फिका पडतो, पुन्हा सारवला की काळाकुट्ट. भंगारवाल्याला तिनं सांगून ठेवलं, रद्दीत शाळेची पुस्तकं आली की आधी आमच्या दारात थांबायचं. तोही हुशार, थांबायचा आणि चहा पिऊन जायचा. तलावावरून शिंगाडे आले की आधी त्यांचे कोन मोजायचे, मग उकडायचे. शेतात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू असताना पोर बांधाच्या धुऱ्यावरून चालत एकेका बांधीची, एकेका खाचराची, लांबी-रुंदी पावलांनी मोजायची आणि भिंतीवर तशीच काढायची. तिची एक बांधी दर वेळी वाकडी यायची. मी म्हटलं नीट काढ. ती म्हणाली, "आजी, बांधीच वाकडी आहे." जाऊन पाहिलं तर खरंच. लग्न होऊन आल्यापासून मी तिच्यात चिखल तुडवला, मला कधी दिसलं नव्हतं.

पण खरा खजिना माळ्यावर निघाला. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक. मुलगा गावच्या मंडळात आहे, त्यामुळे नाटकाची उरलेली पाम्पलेटं दर वर्षी आमच्याच घरी येऊन पडतात. पोतंभर साचली होती. मी ती चूल पेटवायला काढत होते. सुनेनं माझ्या हातातून गठ्ठा घेतला, उलटा केला आणि बघतच राहिली. मागची बाजू कोरी.

वह्यांचा प्रश्न मिटला. ती पानं दाभणानं टोचून शिवली की वही तयार. आणि पुढची बाजू वाचनाला. केवढाली लाल-निळी अक्षरं, जोडाक्षरं ठासून भरलेली, आणि विषय असे की पोरीला पुढे काय ते कळल्याशिवाय राहवत नाही. माझ्या नातीनं अक्षर जोडून वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य कुठलं म्हणाल? "महिलांसाठी बसण्याची वेगळी व्यवस्था केली आहे." ते वाचून झाल्यावर ती मला हाताला धरून घेऊन गेली आणि पाटावर बसवलं.

दसऱ्याला मात्र पोत्याचा तळ दिसू लागला. त्यातच बातमी आली की यंदा आजूबाजूच्या गावांची पाम्पलेटं दोन्ही बाजूंनी छापून येत आहेत, मागच्या बाजूला ट्रॅक्टरच्या आणि मेडिकल दुकानांच्या जाहिराती. मंडळांना त्याचे पैसे मिळतात. सून नुसती पोरीला म्हणाली, "अक्षर बारीक काढत जा."

माझ्याकडे सुनेनं एकच विषय दिला होता, मोजणी. विकायचं धान काट्यावर जातं, पण घरात ठेवायचं आणि मजुरीचं धान आम्ही अजून पायलीनंच मोजतो. मी नातीला पायली धरायला शिकवली, काठोकाठ भरून हातानं सपाट करायला शिकवलं. आणि आमच्याकडे पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, तेही शिकवलं. लाभ, दोन, तीन, चार.

"काहून एक नाही म्हणत?"

"एक म्हटलं की रास घाबरते, एकटी पडली म्हणून. लाभ म्हणजे राशीचा मान."

ती हसली आणि तेच पक्कं केलं. मीही खूश. किती छान शिकवते मी, असं मला वाटलं. त्या बाईचा थोडा अंश अजून शिल्लक आहे माझ्यात.

भाऊबीजेला भाऊ सकाळीच आला. मी ओवाळलं, त्यानं ताटात ओवाळणी घातली आणि म्हणाला, "बाई, तू अजून मेली नाहीस म्हणून मले दर वर्षी इतक्या दूर या लागते."

"तुझी ओवाळणी वाढेपर्यंत मरत नाही मी," मी म्हटलं.

जेवण झाल्यावर तो अंगणात खाटेवर बसला आणि त्यानं नातीला बोलावलं. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या हातात निवडायच्या तांदळाचं सूप होतं, पण बोटं हलत नव्हती. भावानं पोरीपुढे पेपर धरला, "वाच."

ती वाचायला लागली तसा भावाचा चष्मा नाकावर आला. बातमी साधी होती, दुरुस्तीसाठी लाइट जाणार असल्याची. पण पोर वाचायला शिकली ती नाटकाच्या पाम्पलेटावर. "उद्या सकाळपासून," म्हणून ती थांबली, हात छातीवर ठेवला, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "वीजपुरवठा... खंडित राहील." शेजारच्या कुंपणापलीकडून कोणीतरी विचारलं, "काय झालं हो, कोण गेलं?"

"वाचन पास," भाऊ म्हणाला. "आता हिशेब."

मुलगा तिथंच लवकर निघालेल्या हलक्या धानाची रास पोत्यात भरायला बसत होता. भाऊ म्हणाला, "भाच्या, थांब. पोरीले मोजू दे." नातीनं ओढणी कमरेला बांधली आणि सुरू केलं. लाभ, दोन, तीन. पायली भरायची, हात फिरवायचा, पोत्यात ओतायची. मी बसल्या जागी फुगत होते. बारा म्हणून ती थांबली.

"किती पायल्या भरल्या?" भावानं विचारलं.

"अकरा."

मुलानं हातातली सुतळी खाली ठेवली. सुनेनं डोळे मिटले.

"आताच बारा म्हणाली नं तू?"

"हो, पण लाभ कोणी मोजते का, आबाजी? तो राशीचा मान आहे."

"हे कोणं शिकवलं तुले?" मुलानं विचारलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला पदराचा कोपरा एकदम फार महत्त्वाचा वाटायला लागला.

भाऊ शांतपणे म्हणाला, "चुकलं, पोरी."

मला वाटलं आता ही रडणार, आणि माझ्या एका थट्टेपायी सुनेची सगळी मेहनत व्हॅनमध्ये बसून जाणार. पण ती रडली नाही. पोत्याकडे पाहत उभी राहिली. मग खाली बसली, पोत्याचे दोन्ही कान धरले आणि सगळं धान पुन्हा जमिनीवर ओतलं.

"काय करून राहिली वं," मुलगा ओरडला, "अर्धा तास गेला भरण्यात."

"थांबा नं बाबा." तिनं पायली उचलली आणि पुन्हा मोजायला घेतलं. या वेळी एक म्हणून. एक, दोन, तीन. शेवटची पायली ओतून ती म्हणाली, "बारा." मग पायली उपडी ठेवून तिच्यावर बसली, विचार केला, आणि निकाल दिला, "आबाजी, तुमचं बरोबर आहे. लाभ बी पोत्यातच जाते. आजी चुकली."

भाऊ आधी गालात हसला, मग खाट हलेपर्यंत हसला. डोळे पुसून मुलाला म्हणाला, "भाच्या, एवढी वर्षं मी वर्गात पोरांना चुकलं म्हणत आलो. मी चुकलं म्हटलं की पोरं खोडरबर काढत, आणि मी सांगतो ते लिहीत. पोतं उलटं करून माझीच तपासणी कोणी केली नाही. हिला घरीच राहू दे. उन्हाळ्यात मी पुन्हा येतो पाहायले." आणि उठता उठता सुनेला म्हणाला, "फक्त या बाईले वर्गात घेत नको जाऊ."

सुनेनं सूप खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. नंतर चहात साखर टाकायची विसरली, पण त्या दिवशी कोणी बोललं नाही.

मुलगा मात्र गप्पच होता. हो नाही, नाही नाही. पोतं शिवलं, उचलून आत ठेवलं. मला वाटलं, मामाचं ऐकलं पण मनाला पटलं नाही ह्याच्या. संध्याकाळी छापखान्याचा माणूस मोटारसायकलवर आला आणि आमच्या मंडईच्या पाम्पलेटांचे गठ्ठे ओसरीवर टाकून गेला. सून दिवा लावत होती. तिनं एक गठ्ठा सोडला, वरचं पान घेतलं, उलटलं. दुसरं घेतलं, तेही उलटलं.

मागची बाजू कोरी होती.

"मंडळानं जाहिरात नाही घेतली?" तिनं विचारलं.

मुलगा चपला शोधत होता, पायातच असलेल्या. "नाही घेतली. मीच नको म्हटलं मीटिंगमध्ये. पोरगी लिहिते नं त्याच्यावर."

मीटिंग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली होती. परीक्षेच्या कितीतरी आधी. सगळ्या मंडळाशी भांडून यानं कागद वाचवला होता, आणि दिवाळीभर तोंड असं करून बसला होता की जणू व्हॅनवाल्याचा नंबर पाठ करतो आहे. दुरून पाहायला मीच त्याला शिकवलं होतं, पण हा तर हात लावून मोकळा झाला होता.

सून आत गेली आणि त्याच्यासाठी पुन्हा चहा ठेवला, या वेळी साखर घालून.

नातीनं रात्रीच्या जेवणाआधीच नव्या कागदांची पहिली वही शिवायला घेतली. दाभण मी धरलं, दोरा तिनं ओवला. शिवून झाल्यावर ती पानांना आकडे घालायला बसली. मी वाकून पाहिलं. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात तिनं गोल काढून त्यात 'लाभ' लिहिलं होतं, दुसऱ्यावर दोन.

"आता तं तुले माहीत आहे नं," मी म्हटलं.

"माहीत आहे," ती वर न पाहता म्हणाली, "पण वही एकटी पडली तं?"