राखीव बाटली

लोक अजून माझ्याकडे यादी मागतात. ऑफिसातले, सोसायटीतले, कुणाच्या तरी मेहुण्याचे मित्र. "जंगलात जातोय, तुमची ती यादी टाका ना व्हॉट्सॅपवर." मी टाकतो. टॉर्च, जादा सेल, शिट्टी, दोरी, मीठ, साखर, ताडपत्रीचा तुकडा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. बत्तीस वस्तू आहेत आणि प्रत्येकीमागे माझा एकेक पचका आहे. वीस वर्षं मुलुंडहून शनिवार-रविवार डोंगरात गेलो, पायांची वाट लावून घेतली, तेव्हा ती तयार झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये मी त्यावर भाषणंही दिलीत. पहिल्या रांगेत बसून मान डोलावणाऱ्या आजोबांना जिथे जिना चढवत नव्हता, तिथे मी त्यांना रानात हरवलं तर काय करायचं ते सांगत होतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो मी.

आमच्या सहा जणांच्या ग्रुपचा एक नियम होता. प्रत्येकाच्या पाण्याव्यतिरिक्त एक लिटरची सीलबंद बाटली सॅकच्या तळाशी ठेवायची आणि उतरताना पायथ्याचं गाव दिसेपर्यंत ती फोडायची नाही. ती राखीव. कुणी मध्येच फोडली की गावात पोचल्यावर सगळ्यांना वडापाव त्याच्याकडून, आणि वर्षभर त्याला 'टँकर' म्हणायचं. एकजण तर दोन वर्षं टँकर होता, त्याच्या बायकोलाही ते नाव माहीत झालं होतं. मी वीस वर्षांत एकदाही टँकर झालो नाही. चहाच्या टपरीवर सॅक उघडायची, तळातून बाटली काढायची आणि न बोलता सील दाखवायचं, याची मला फार हौस होती.

समोरच्या फ्लॅटमधला माझा मित्र यातला नव्हता. त्याचे वडील मालवणकडून आलेले, गिरणीत होते. हा अंधेरीला विम्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसून बसून जाडा झाला होता. एरवी आपलं मुंबईचं मराठी बोलायचा, पण खूश झाला किंवा दमला की मालवणीवर यायचा. पन्नाशीला टेकला तशी शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. एका संध्याकाळी माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, माका पण घेऊन चल ना रे." मी म्हटलं, असा नाही नेणार, आधी तयार हो. तीन महिने लागतील.

त्याने ते तीन महिने खरंच दिले. रोज सकाळी सॅकमध्ये दहा किलो तांदूळ घालून आमच्या बिल्डिंगचे चौदा मजले चढायचा. वॉचमन हसायचा. त्याची बायको म्हणायची, "भाऊजी, तांदूळ ह्यांच्या पाठीवर, मग मी कुकर कशाचा लावू?" रविवारी आम्ही आरे कॉलनीत जायचो, तबेल्यांच्या मागच्या वाटांनी दोन-तीन तास चालायचो. बिबट्या दिसला तर काय करायचं, हे त्याने मला इतक्यांदा विचारलं की मी शेवटी म्हटलं, त्याला पॉलिसी विक, तो आपोआप पळेल.

पाण्याचं शिक्षण मात्र मी कडक दिलं. घोट घ्यायचा, तोंडात धरायचा, मग गिळायचा. घड्याळ बघून प्यायचं, तहान बघून नाही. आणि दुसऱ्याकडे मागायचं नाही. ज्याचं पाणी त्याच्या पाठीवर. एका रविवारी त्याने आपलं सगळं पाणी पहिल्या तासात संपवलं आणि माझ्यापुढे हात केला. मी दिलं नाही. बसस्टॉपपर्यंत तसाच चालवला. तोंड एवढंसं झालं होतं त्याचं. पण त्यानंतर त्याने कधी मागितलं नाही. मला तेव्हा वाटलं, गडी शिकला.

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही त्याला घेऊन गेलो. आमच्यातला एक येणार नव्हता, म्हणून हा धरून सहा. गडाचं नाव लिहीत नाही, गडाची काही चूक नाही. पायथ्याच्या गावात चहा देणारी बाई म्हणाली, वरचं टाकं औंदा लवकर आटलंय, इथूनच भरून न्या. आम्ही प्रत्येकी तीन लिटर भरलं. माझी राखीव धरून चार. त्याच्या सॅकमध्ये मी राखीव बाटली घातली नव्हती. पहिलीच खेप आहे, वजन कशाला, असं मीच म्हटलं होतं. इतर चौघांनी आपापली घेतली होती.

चढताना तो माझ्या अपेक्षेपेक्षा छान चढला. वर टाक्यात नुसता हिरवा चिखल होता. साडेबाराला उतरायला लागलो. चौघं पुढे निघून गेले, मी नेहमीप्रमाणे शेवटी, आणि माझ्यापुढे तो. उघडा कातळ, सावलीला झुडूपसुद्धा नाही. खालून भट्टीसारखी धग येत होती. तासाभरात त्याने आपली बाटली उलटी करून मला दाखवली आणि हसला. मागितलं नाही. माझंही वापरायचं पाणी संपलं होतं. राहिली ती राखीव.

मी मनात हिशेब केला. गाव दीड तासावर. काढेल. म्हटलं, "झकास चाललायस, थांबू नको."

पुढच्या वळणावर माझ्या लक्षात आलं की त्याच्या शर्टाची पाठ कोरडी आहे. सकाळपासून ती चिंब होती. मानही कोरडी, लालभडक. हे मी लोकांना हॉलमध्ये शिकवलेलं, फळ्यावर लिहून: तापलेल्या माणसाचा घाम थांबला की सगळं सोडा, त्याला थंड करा. मला ते त्या क्षणी आठवलं. मी विसरलो नव्हतो, हे मला इथे लिहायलाच हवं. मी स्वतःला सांगितलं, वाऱ्याने वाळला असेल. वारा नव्हता.

मग तो बोलायला लागला. "बेगीन चल रे, मासळेचो बाजार उठतलो." मी हसलो. मला वाटलं, गंमत करतोय. गावात पोचल्यावर चौघांना सांगायला किस्सा मिळाला, असंही वाटलं. तो परत तेच म्हणाला, माझ्याकडे न बघता, आणि वाट सोडून डावीकडे गवतात जायला लागला. मी दंड धरून त्याला ओढला. हात तव्यासारखा गरम. तो म्हणाला, "माका वायच बसाक दी रे." मी म्हटलं, बसलास की उठणार नाहीस, ते झाड दिसतंय ना, तिथपर्यंत चल.

झाडाच्या अलीकडे तो कोसळला.

तेव्हा मी सॅक उपडी केली आणि बाटली फोडली. पाणी त्याच्या तोंडात गेलं आणि कडेने बाहेर आलं. गिळतच नव्हता. उरलेलं डोक्यावर, मानेवर, काखेत ओतलं, टोपीने वारा घातला, शिट्टी फुंकत राहिलो. फोनला रेंज नव्हती. चौघं परत वर आले ते अर्ध्या तासाने. ताडपत्री, दोरी, काठ्या, सगळं होतं आमच्याकडे, स्ट्रेचर पाच मिनिटांत बांधला. यादीतली एकही वस्तू कमी नव्हती. तालुक्याला पोचलो तर डॉक्टरांनी नाडी बघितली आणि आमच्यातला नातेवाईक कोण, ते विचारलं.

नंतर सगळ्यांनी माझी समजूत काढली. शुगर होती, वय होतं, ऊनच तसलं होतं. तुझ्यासारखा तयार माणूस बरोबर असून वाचला नाही म्हणजे त्याची वेळच आली होती, असं एकजण म्हणाला. मी मान हलवली. चौघांपैकी कुणीच मला बाटली कधी फोडलीस ते विचारलं नाही. त्यांनाही ते विचारायचं नसावं.

मी ती का फोडली नाही, ते मला माहीत आहे. जपून ठेवायची सवय होती, नियम होता, हे सगळं नंतरचं. खरं कारण लाज वाटण्यासारखं आहे. मला टपरीवर पोचून सांगायचं होतं की माझा चेला पहिल्या खेपेला, या उन्हात, राखीवला हात न लावता उतरला. त्याच्यापायी मी टँकर झालो असं कुणी म्हणायला नको होतं. एक लिटर पाणी, आणि चार मित्रांची चेष्टा. एवढ्यावर माणूस घालवला.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी त्याच्या बायकोने मला बोलावलं. घरात ती एकटीच होती. पाणी पुढे ठेवलं, तशी रीत आहे म्हणून. मी त्याला हात लावला नाही. तिने विचारलं, "भाऊजी, तिथे पाणी संपलं होतं का?"

नाही म्हणावं की हो, याची मी पंधरा दिवस तयारी केली होती. हो म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "होतं, वहिनी. माझ्याकडे एक बाटली होती."

"मग?"

"त्याने मागितलं नाही."

ती रडली नाही, ओरडली नाही. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, एखाद्याला पत्ता विचारावा तसं तिने विचारलं, "मागितलं नाही, म्हणून दिलं नाहीत?"

"हो," मी म्हटलं.