कैलासच्या डब्यातला कोणता लावू?

कैलास गेला तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात गळ होता.

हॉस्पिटलमध्ये कपडे घडी करताना नर्सच्या बोटाला लागला. ती जी ओरडली, त्यावर हा एरवी पोट धरून हसला असता.

आज तारखेने वर्ष झालं. तिथीने वर्षश्राद्ध मागच्याच आठवड्यात आटपलं, तेव्हा मी बऱ्यापैकी शांत होतो.
आज मात्र नाही.

कारण काल मनीषावहिनींचा फोन आला. कैलासची बायको.

"भावजी, उद्या मना खाडीवर न्या. एकदाच. तुमी दोघं दर रविवारी तिकडं काय करायचे त्ये बघायचंय. मंग त्यो गळांचा डबा कुनाला तरी देऊन टाकते."

मी हो म्हणालो आणि फोन ठेवून घाम पुसला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कैलास भिवंडीत कामतघरला कापडाचे लूम दुरुस्त करायचा, मी काल्हेरला गोडाऊनमध्ये. रविवारी दोघं अंजूरच्या खाडीवर, जिताडा पकडायला. म्हणजे बहुतेक वेळा नुसते उभे राहायला.

अमेरिकेतले लोक बास नावाच्या माशासाठी खोटी आमिषं वापरतात. त्यांचे व्हिडिओ बघून ह्याला वेड लागलं.
स्विमबेट म्हणजे शेपूट हलवणारा रबरी मासा. स्विम जिग म्हणजे शिशाचं डोकं, त्याला गळ, आणि गळाभोवती झिरमिळ्यांचा झगा.
झगा तो लूमवरच्या उरलेल्या धाग्यांचा बांधायचा. "जिताडा भिवंडीचा, मंग कपडे पन भिवंडीचेच."

आणि निवडायला अर्धी भरती लावायचा.

"पानी गढूळ हाय, चमकीचा लाव. न्हाय, थांब. ऊन पडलंय, काला लाव. तिवरांत टाकायचाय? मंग रबरी नको, झाडीत अडकंल. जिग लाव."

"अरे, बायको एका चहात पसंत केलीस."
"म्हनून तर हितं घाई न्हाय करत."

शेवटचा रविवारही त्याने माझ्यासोबत खाडीवरच घालवला. सोमवारी लूमवर छातीत कळ आली आणि संपलं.

वहिनी त्या रविवाराबद्दल मला आजवर एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्याचीच भीती वाटते.

आज काहीच लागलं नाही, तर त्या काय समजणार? नवऱ्याने सगळे रविवार चिखलात घातले, आणि सोबत हा भावजी होता.

दुपारी ऊन कललं तेव्हा आम्ही बांधावर पोचलो. मी डबा उघडला आणि माझा कैलास झाला.
पाणी गढूळ. पण ऊन. पण समोर तिवरं. हात चालेना.

शेवटी चंदेरी स्विमबेट लावला. वहिनींना टाकायला शिकवलं. दोनदा बांधावर, एकदा माझ्या टोपीत, मग पाण्यात.
काही नाही.

काळा जिग लावला. काही नाही.
हिरवा लावला. तो तिवरांत अडकला, सोडवता सोडवता तुटला.

पाणी उतरायला लागलं होतं. मी उगाच वाऱ्याबद्दल बोलत होतो.

"ह्यो कंचा?" त्यांनी डब्यातून एक जिग उचलला.

सगळ्यात बेढब. वाकडं, मरून रंगाचं डोकं, जांभळा धागा. कैलासने शेवटी बांधलेला, कधी पाण्यातही न पडलेला.

"तो नको वहिनी, तो जमलेला नाही."

वहिनी त्याचं डोकं नखाने खरवडत होत्या.

"भावजी, ही माजी नेलपॉलिश हाय."

मला तो ऑईलपेंट म्हणाला होता, आईशप्पथ.

"सगलं घर उलटं केलं मी हिच्यापायी. नणंदेवर आळ घेतला. ती दोन महिने बोलली न्हाय माज्याशी. आन ह्यो मेला बाजूला बसून म्हनतो, असंल कुठंतरी!"

त्या हसत होत्या की रडत होत्या, मला खरंच कळलं नाही.

"ह्योच लावा."

मी लावला. गाठ तीनदा ओढून बघितली.

वहिनींनी टाकला. तिवरांच्या अगदी कडेला पडला, कैलासला पडायला हवा असायचा तिथे. त्या हळूहळू गुंडाळायला लागल्या.

आणि काठी वाकली.

"भावजीSS!"
"ओढू नका! जाऊ द्या त्याला! वहिनी, धरून ठेवा फक्त!"

चक्री किर्रर्र करत फिरत होती. पाण्यात एक रुंद चंदेरी पाठ उलटली. जिताडाच. मग तो सरळ तिवरांच्या मुळांत घुसला, आणि दोरी सैल पडली.

मी धावत जाऊन आधी दोरीचं टोक बघितलं. मुळाला घासून तुटली होती. माझी गाठ सुटली नव्हती. मी खालीच बसलो.

"सॉरी वहिनी."

त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. काठी अजून घट्ट आवळलेली होती.

"ह्ये असं व्हायचं त्याला? दर रविवारी?"

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोललो.
"दर रविवारी कुठलं. महिन्यातून एकदा. कधी तेही नाही."

"तरी जायचा?"
"तरी जायचा."

"मंग त्या रविवारी लागलावता का?"

एक वर्ष मी ह्या प्रश्नाला घाबरत होतो.

"लागला होता वहिनी. सुटला. घरी येईस्तोवर हसत होता."

त्यांनी मान हलवली. पदराने डोळे पुसले. डबा बंद केला आणि बाईकवर मांडीत घेऊन बसल्या.

नाक्यावर एका जनरल स्टोअरपाशी मला थांबवलं. आतून नेलपॉलिशच्या दोन बाटल्या घेऊन आल्या. मरूनच.

"दोन कशाला?"

"एक माजी. एक डब्यातली. आन रविवारी भरती कवा हाय त्ये बघून सांगा."

कैलास, डबा घरी पोचला रे.
आणि तुझी चोरी पकडली गेली.

आता निवांत जा, मित्रा.