भांडखोर बदकाचा ठोकळा

बाइंडरबाईंचं ग्रंथपालाशी पटत नव्हतं, हे म्हणणं फारच सभ्य झालं. त्यांना तो डोळ्यांसमोर नको असायचा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या एकवीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवत होत्या, आणि कालचा आलेला हा बाबा त्यांना अक्कल शिकवायचा.

त्याचा खरा दात होता भांडखोर बदकावर. अठरा पातळ पातळ पुस्तकांची मालिका. प्रत्येक भागात बदक कुणाशी तरी कडाकडा भांडायचं आणि मुलं त्यावर तुटून पडायची. "हे काय वाचन आहे?" म्हणून ग्रंथपाल नाक मुरडायचा. बाइंडरबाईंची नात नऊ वर्षांची घोडी झाली तरी अक्षरांना घाबरायची. पुस्तक उघडलं की तिचं पोट दुखायला लागायचं. त्याच पोरीने बदकाचे सात भाग अडखळत, खिदळत संपवले होते. आता आठव्यासाठी तिने आजीचं डोकं खाल्लं होतं.

एका सकाळी ग्रंथपालाने अठराही भाग टेबलावर आदळले. "सगळे एकत्र बांधा. एकच जाडजूड पुस्तक, म्हणजे भाग हरवायला नकोत. जमेल ना, की बाहेर देऊ?"

जमेल ना म्हणे! बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी बदकाच्या चित्रांची मुखपृष्ठं भराभर सोलून रद्दीत टाकली आणि दुहेरी दोऱ्याने असा ठोकळा शिवला, की बैल जुंपले तरी उसवू नये. रद्दीची गाडी येऊन गेलीसुद्धा. रागाच्या भरात त्यांना बाकी काही सुचलंच नाही.

शाळा सुटल्यावर नात आली. ठोकळा बघून तिने हात मागे घेतला.

"आजी, एवढं मोठं? मला नाही जमणार."

"अगं, तुझंच बदक आहे यात."

"कुठंय? दिसत तर नाही." आणि ती पोट धरून स्टुलावर बसली.

बाईंच्या काळजात चर्र झालं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्यांनी सुरी उचलली आणि आपलीच शिलाई कराकरा कापायला घेतली. आवाज ऐकून ग्रंथपाल धावत आला.

"वेड लागलं का तुम्हाला? उद्यापासून येऊ नका!"

"नाही येत. तुमचं तोंड तरी बघावं लागणार नाही."

बोलल्या आणि पुन्हा सुरी चालवू लागल्या. आठवा भाग सुटा करून त्यांनी त्याच्यावर लाल पेन्सिलीने मोठा आठ काढला.

"बदकाचं चित्र मीच फेकलं गं. चुकलं माझं. घे, वाच."

ग्रंथपाल दार अडवून उभा होता. "दे ते इकडे," त्याने हात पुढे केला.

नातीने पुस्तक उघडलं. ओळीखाली बोट ठेवलं आणि एकदाही न अडखळता बदकाचं पहिलं वाक्य खणखणीत वाचलं, "बाजूला हो रे माठ्या, माझी वाट अडवू नकोस!"

ग्रंथपाल बाजूला झाला.